आधी हातोडा, मग कायदा

२३ मार्च २०२५च्या रात्री मुंबईत खारमधल्या ‘हॅबिटॅट’ या छोट्या सभागृहाची तोडफोड झाली. स्टँडअप कॉमेडियन कुणाल कामराने तिथे केलेल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ नुकताच प्रसिद्ध झाला होता आणि त्यात एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे विडंबन होते. शिंदे यांच्या शिवसेनेचे कार्यकर्ते आत शिरले आणि दिसेल ते फोडत सुटले. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथक हातोडे घेऊन आले आणि अनधिकृत बांधकाम म्हणून त्याच जागेचा काही भाग पाडून गेले. पक्षाच्या एका आमदाराच्या तक्रारीवरून कामरावर गुन्हा दाखल झाला. दोन-तीन दिवसांत व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला. सभागृहाच्या चालकांनी जागा बंद ठेवत असल्याचे जाहीर केले. तोडफोडीबद्दल अटक झालेल्या बारा जणांना अटकेच्याच दिवशी जामीन मिळाला. मुंबई उच्च न्यायालयाने कामराला अटकेपासून संरक्षण दिले ते २५ एप्रिलला.

हा क्रम नीट पाहायला हवा. विनोदाला मर्यादा असावी की नसावी, यावर आपण तावातावाने भांडतो. मर्यादा आहेच, राज्यघटनेतच ती लिहिलेली आहे. वाद घालायचा तर ती कोणी आखायची आणि कोणत्या टप्प्यावर, यावर घालायला हवा. न्यायाधीशाने दोन्ही बाजू ऐकून, कारणे लिहून देऊन आखलेली मर्यादा मान्य करता येते, तिच्याविरुद्ध अपीलही करता येते. खारमध्ये मात्र न्यायालयाने तोंड उघडण्याआधी काचा फुटल्या होत्या, भिंत पडली होती, जागा बंद झाली होती. ते गाणे कुणाला आवडले, कुणाला हिणकस वाटले, याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. भारतात विडंबनाचा गळा कायद्याच्या मजकुराने जितका आवळला जातो, त्याहून अधिक पोलीस ठाण्यातल्या कागदाने आणि रस्त्यावरच्या दहशतीने आवळला जातो, असे माझे ठाम मत आहे. आणि हे बदलणे सरकारच्या हातात आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. घटनेच्या अनुच्छेद १९(२)मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची आठ कारणे दिली आहेत : देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. ‘भावना दुखावणे’ हे कारण या यादीत नाही. धार्मिक भावनांविषयीचे जुने २९५अ कलम, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेतले कलम २९९, सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये वैध ठरवले ते सुव्यवस्थेच्या आधारावर. तिथेही कृत्य जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेले असावे लागते. सहज दुखावले गेले म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही.

दुखावण्याचे माप कोणाच्या मनाने घ्यायचे, याचेही उत्तर आपल्याकडे फार पूर्वी दिले गेले आहे, आणि तेही नागपुरात. न्यायमूर्ती विवियन बोझ यांनी १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयात लिहिले की शब्दांचा परिणाम तोलायचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या दृष्टीने. प्रत्येक विरोधी सुरात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाचे माप त्याला लावायचे नाही. फाळणीवरच्या दूरदर्शन मालिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी उचलली. खारच्या तोडफोडीनंतर अवघ्या पाच दिवसांनी, २८ मार्च २०२५ रोजी, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेमुळे गुजरातमध्ये नोंदवलेला गुन्हा रद्द करताना त्याच न्यायालयाने ती पुन्हा सांगितली. कविता, नाटक, चित्रपट, उपहास यांनी माणसाचे जगणे अर्थपूर्ण होते, असेही त्या निकालात म्हटले आहे. एका तमिळ चित्रपटावरून झालेल्या १९८९च्या रंगराजन खटल्यात तर न्यायालयाने स्पष्ट केले होते की निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमक्यांमुळे अभिव्यक्ती दाबता येणार नाही. तसे करणे म्हणजे दमदाटीपुढे गुडघे टेकणे होय. कायद्याच्या पुस्तकात एवढे सगळे आहे.

आता जमिनीवर काय घडते ते पाहू. एप्रिल २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना ममता बॅनर्जींवरचे एक गमतीचे चित्र ई-मेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाखाली ते अडकले ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवले. तरीही प्राध्यापक आरोपमुक्त झाले ते जानेवारी २०२३ मध्ये. एका चित्रापायी जवळजवळ अकरा वर्षे. सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला चक्क राजद्रोहाच्या कलमाखाली पकडले गेले. तेव्हा राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार होते. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये स्टँडअप कॉमेडियन मुनव्वर फारुकीला भर कार्यक्रमातून पोलीस ठाण्यात नेण्यात आले. मध्य प्रदेशात भाजपचे सरकार होते. त्याला उच्च न्यायालयाने जामीन नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने तो ५ फेब्रुवारीला दिला आणि अटकेची ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नसल्याची दखलही घेतली. तोपर्यंत महिन्याहून अधिक काळ त्याने तुरुंगात काढला होता. तोडफोड करणाऱ्या बारा जणांना एक दिवससुद्धा नाही आणि विनोद करणाऱ्याला महिनाभर, ही तुलना डोळ्यांआड करता येत नाही. या यादीतले पक्ष वेगवेगळे आहेत. सत्तेत आलेल्या प्रत्येकाला हे हत्यार हाताशी हवेसे वाटते.

त्रिवेदी प्रकरणातला मुंबई उच्च न्यायालयाचा २०१५चा निकाल मला फार मोलाचा वाटतो. न्यायालयाने म्हटले की या चित्रांत भ्रष्टाचाराविषयीचा संताप आणि तिटकारा भरलेला आहे, विनोद किंवा उपरोध मात्र त्यांत दिसत नाही. पण हिंसेची चिथावणी नसताना एवढ्यावरून स्वातंत्र्य हिरावता येत नाही. म्हणजे विनोद जमला नाही तरी हक्क शाबूत राहतो. विडंबनाच्या बाजूने बोलणारेही अनेकदा ‘बघा, किती सुंदर जमले आहे’ असा बचाव करतात. तो बचाव धोक्याचा आहे, कारण उद्या एखादे विडंबन सुमार निघाले तर त्याला संरक्षण नाही असा त्याचा अर्थ होतो. हक्क दर्जावर बेतलेला नसतो.

ही वृत्ती नवी नाही. १८७६ साली कलकत्त्यात एका प्रतिष्ठित वकिलाने प्रिन्स ऑफ वेल्सला आपल्या घरच्या जनानखान्यात नेऊन पाहुणचार केला. त्यावर ‘ग्रेट नॅशनल थिएटर’ने प्रहसन केले. पोलिसांनी ते बंद पाडले तेव्हा मंडळींनी नाव बदलून पुन्हा केले, आणि पोलीस अधिकारी हॉग आणि लॅम यांच्या नावांवर कोटी करून, डुक्कर आणि मेंढी बनवून, त्यांचेही प्रहसन रंगभूमीवर आणले. व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने घाईघाईने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी नाट्यप्रयोग कायदा झाला. एका प्रहसनाच्या रागातून जन्मलेला हा कायदा स्वतंत्र भारतातही अनेक दशके केंद्राच्या कायदेपुस्तकात राहिला. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घेण्याची पद्धत आहेच. राजाच्या अधिकाऱ्यांना स्वतःच्या अब्रूची वाटणारी काळजी आपण जशीच्या तशी वारशात घेतली.

नेहरूंनी व्यंगचित्रकार शंकर यांना ‘मलाही सोडू नकोस’ असे सांगितल्याचा किस्सा अशा वेळी हमखास निघतो. तो खरा आहे आणि त्यातून नेहरूंचा मोठेपणा दिसतोही. पण त्याच काळात गीतकार मजरूह सुलतानपुरी यांना नेहरूंवर टीका करणाऱ्या कवितेपायी मुंबईत तुरुंगात जावे लागले, आणि १९५१ साली पहिल्या घटनादुरुस्तीने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची कक्षा नेहरू सरकारनेच वाढवली. शंकर यांचे साप्ताहिक १९७५ मध्ये आणीबाणीत बंद पडले. राज्यकर्ता दिलदार असेल तोवर हसता येते, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. शिवसेनेचा पाया ‘मार्मिक’ काढणाऱ्या एका व्यंगचित्रकाराने घातला, हेही इथे आठवते. नेत्यांच्या नाकाडोळ्यांची, चालीबोलीची निर्दयपणे थट्टा करत ते साप्ताहिक वाढले. ते हसू ज्यांना हवे होते त्यांनी दुसऱ्याचे हसूही सोसायला हवे.

‘हे सगळे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी जोतीराव फुल्यांकडे पाहावे. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. ग्रहांची भीती घालून एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला लुबाडणारा जोशी त्यात आहे, आणि त्याची लबाडी क्षणोक्षणी उघडी पाडणारा विदूषक आहे. मराठी ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही. पुढे ‘गुलामगिरी’त फुल्यांनी दशावतारांच्या कथांची जी चिरफाड केली ती आज कुणी पहिल्यांदा लिहिली असती, तर किती पोलीस ठाण्यांत किती तक्रारी झाल्या असत्या याचा विचार करा. सत्यशोधकी जलशांनी तमाशाचाच साचा घेऊन भटशाहीची खिल्ली उडवली; आंबेडकरी जलशांनी तीच वाट पुढे नेली. शाळा, छापखाना, न्यायासन, यांपैकी काहीच हातात नसलेल्या माणसांजवळ सोंग आणि हसू एवढेच होते. दुखावलेल्यांच्या शब्दाला कायद्याचे बळ दिले असते, तर महाराष्ट्रातली ही परंपरा उभीच राहिली नसती, कारण तेव्हा दुखावले जाणारे लोक सत्तेच्या सर्वांत जवळ होते.

म्हणूनच २०१२चे प्रकरण मला सर्वांत अवघड वाटते, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेले एक व्यंगचित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या एनसीईआरटी पुस्तकात होते. घटना म्हणजे गोगलगाय. तिच्यावर हातात चाबूक घेऊन बसलेले डॉ. आंबेडकर, मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक, भोवती बघ्यांची गर्दी. घटना तयार व्हायला फार वेळ लागतो आहे ही त्या वेळची तक्रार त्यात होती, आणि हा वेळ का लागला ते पुस्तकाच्या मजकुरात समजावूनही दिले होते. मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला. सरकारने पुस्तक मागे घेण्याची घोषणा केली. सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली.

नेहरूंचा चाबूक गोगलगाईवर आहे, असे चित्र जाणणारे सांगतात. ते बरोबरही असेल. पण वर्गात बसलेल्या दलित मुलीला एका सवर्ण नेत्याच्या हातातला चाबूक बाबासाहेबांच्या पाठीशी दिसतो, आजूबाजूची मुले हसतात, आणि तिला जे कळते तेही त्या चित्रातच असते. १९४९च्या वाचकाला जे दिसले तेच २०१२च्या वाचकाला दिसावे असा हट्ट धरता येत नाही. शिवाय साप्ताहिक विकत घेणारा स्वतःच्या मर्जीने घेतो. पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यावर लादलेले असते. त्यामुळे हे चित्र त्या पानावर असावे का, हा प्रश्न पूर्णपणे रास्त होता आणि तो विचारणाऱ्यांना असहिष्णू म्हणून झटकून टाकणे चूक होते.

पण त्या प्रश्नावर चर्चा होऊच दिली गेली नाही. संसदेत बोलणाऱ्या अनेकांचा रोख पाहता पाहता राजकारण्यांवरच्या सगळ्याच व्यंगचित्रांकडे वळला. मग समिती नेमून राज्यशास्त्राच्या पुस्तकांतली व्यंगचित्रे तपासण्यात आली. दलितांच्या वेदनेचे दार उघडून त्यातून सत्ताधारी आणि विरोधक दोघेही स्वतःची अब्रू सांभाळायला आत शिरले. ज्यांची वेदना खरी होती त्यांच्या हाती काय लागले? वर्गात त्या चित्राविषयी जातीच्या अंगाने बोलायची जी संधी होती तीही गेली. दुबळ्यांच्या नावाने आणलेली बंदी शेवटी बळवंतांच्या कामी येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मग दुबळ्यांवर होणाऱ्या विनोदाचे काय? तिथे माझ्या मनात दोन वेगळ्या रेघा आहेत. एक नीतीची. माणसाने जे केले त्यावर हसणे आणि माणूस जो जन्मला त्यावर हसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मंत्र्याने पक्ष बदलला, त्यावर गाणे रचा. कुणाचे अपंगत्व, रंग, जात यांवर टाळ्या मिळवणाऱ्याचा मला मनापासून राग येतो, आणि त्याला प्रेक्षकांनी, सहकाऱ्यांनी, समीक्षकांनी तोंडावर सांगायला हवे. हे होतेही. मायावतींच्या दिसण्यावरून केलेले जुने विनोद २०२१ मध्ये पुन्हा समोर आले तेव्हा लोकांनी धारेवर धरले आणि एका नावाजलेल्या विनोदकाराने माफी मागितली. ऑगस्ट २०२५ मध्ये अपंगांवरच्या विनोदांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने काही विनोदकारांना जाहीर माफी मागायला सांगितली. माफी योग्यच होती. त्याच सुनावणीत सरकारने नियमावली करावी असेही न्यायालय म्हणाले, आणि तिथे मला काळजी वाटते. नियमावली अपंगांच्या नावाने लिहिली जाईल आणि वापरली जाईल मंत्र्यांसाठी.

दुसरी रेघ कायद्याची, आणि ती बरीच पलीकडे असावी. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०२१ मध्ये माइक वॉर्ड या विनोदकाराचा खटला होता. त्याने एका अपंग किशोरवयीन गायकाची क्रूर थट्टा केली होती. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वॉर्डच्या बाजूने निकाल दिला. ते विनोद कुणालाही सभ्य वाटले नव्हते, पण त्यातून त्या मुलाचा द्वेष करा, त्याची माणुसकी नाकारा अशी चिथावणी निघते का, एवढेच पाहिले गेले. ही कसोटी मला पटते, कारण अशी चिथावणी कशी असते हे इतिहासाने दाखवले आहे. नाझी काळात ‘डेर श्टुर्मर’ या साप्ताहिकातली व्यंगचित्रे ज्यूंना वर्षानुवर्षे किडे आणि विषारी प्राणी म्हणून रंगवत राहिली, संपादक युलियस श्ट्रायखरला न्युरेंबर्गमध्ये दोषी ठरवून १९४६ साली फाशी देण्यात आली. रवांडातली आरटीएलएम रेडिओ वाहिनी गाणी आणि थट्टामस्करीच्या मधूनच तुत्सी समाजाच्या लोकांना झुरळे म्हणत होती, आणि १९९४च्या वंशसंहारात तिने लोकांना कत्तलीसाठी चेतवले. तिथे हसू हा हत्येचा भाग होता. उपमुख्यमंत्र्यांवरचे गाणे आणि हे एकाच तराजूत घालणारा माणूस दोन्ही समजून घ्यायला तयार नसतो.

बदनामीचेही तसेच. समंजस माणसाला जे वाक्य खरी माहिती म्हणून पटेल तेच बदनामी ठरू शकते. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांच्यावरच्या अत्यंत ओंगळ विडंबनाला संरक्षण दिले ते याच कारणाने : ते खरे आहे असे कुणी मानणेच शक्य नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेने नेत्याचा हुबेहूब आवाज काढून मतदानाच्या आदल्या रात्री पसरवणे मात्र विडंबन नाही. ती बनावट आहे, कारण ऐकणाऱ्याला नक्कल कळूच नये हाच तिचा उद्देश असतो. पण खरे-खोटे ठरवण्याचे काम सरकारी कक्षाकडे देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तसा केंद्राचा नियम कामरानेच आव्हान दिल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, आणि ते बरे झाले.

कॉपीराइटच्या बाबतीत तर दुरुस्ती अगदी साधी आहे. ज्याचे विडंबन करायचे त्याची चाल, चेहरामोहरा घेतल्याशिवाय ते होतच नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला संरक्षण दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये टाटांच्या चिन्हाची टर उडवणाऱ्या, ‘ग्रीनपीस’ या पर्यावरणवादी संघटनेच्या कासवांच्या ऑनलाइन खेळाला मनाई करायला नकार दिला. तरी १९५७च्या कायद्याच्या कलम ५२मध्ये टीका आणि समीक्षा यांच्या शेजारी विडंबन हा शब्द अजून नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये तसा अपवाद कायद्यात घातला. आपल्याकडेही तो घालावा, म्हणजे कंपनीच्या एका दाव्याने व्हिडिओ गायब होणार नाही.

उरते पोलीस ठाणे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३)नुसार तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि शब्दांवरून होणाऱ्या तक्रारींत ती करणेच उचित, असे प्रतापगढी निकाल सांगतो. महाराष्ट्राच्या गृहखात्याने परिपत्रक काढून ती बंधनकारक करावी. बदनामीच्या फौजदारी कलमात पोलिसांना थेट हात घालता येत नाही आणि तक्रार ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः न्यायालयात करायची असते; नेत्याच्या वतीने आमदार-नगरसेवकांनी पोलीस ठाण्यात रांगा लावायच्या नसतात. माझ्या मते बदनामी हा फौजदारी गुन्हा उरूच नये. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला असला, तरी संसदेला तो काढून टाकायला कुणी अडवलेले नाही.

आणि तोडफोड करणाऱ्यांकडून वसुली. सांस्कृतिक कार्यक्रमांवर हल्ले करणाऱ्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, कोडुंगल्लूर फिल्म सोसायटीच्या याचिकेवर, सविस्तर निर्देश दिले आहेत. हल्ला करणाऱ्यांची जबाबदारी निश्चित करणे, नुकसानीची भरपाई त्यांच्याकडून घेणे आणि अशा घटना आधीच रोखण्यासाठी पोलिसांनी काय करायचे, हे सगळे त्यात आहे. पुढच्या वेळी कुठल्याही सभागृहाच्या काचा फुटतील तेव्हा सरकारने पहिली नोटीस पाठवावी ती या वसुलीची, आणि महापालिकेच्या पथकाने त्या जागेचा नकाशा तपासायचाच असेल तर तो त्यानंतर तपासावा.